लंडन येथील ‘चेशायर चीज’ पानगृह : आख्यायिका व पुरावा

लंडनमधील फ्लीट स्ट्रीटवरून वाइन ऑफिस कोर्ट नांवाच्या अरुंद बोळांत शिरलें म्हणजे ‘ये ओल्ड चेशायर चीज’ या पानगृहाचें दार लागतें. १६६६ च्या मोठ्या आगींत जुनी वास्तु जळाली व १६६७ सालीं ती पुन्हां बांधण्यांत आली. तेव्हांपासून राज्य केलेल्या राजाराण्यांची यादी दाराजवळच्या फलकावर दिली आहे. आंतील ठेंगणीं छतें, काळवंडलेलें लांकूडकाम, शेकोटी आणि भुसा पसरलेली जमीन पाहून मन सहजच अठराव्या शतकांत जातें. संशोधकानें सावध व्हावयाचें तें येथेंच.

जेवणाच्या दालनांत कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन याची आवडती जागा दाखविण्यांत येते. तेथें तशा मजकुराची पितळी पट्टी असून जोशुआ रेनल्ड्स यानें काढलेल्या जॉन्सनच्या चित्राची नक्कलहि लाविली आहे. परंतु पट्टी व नक्कल हीं दोन्हीं मागाहूनचीं होत. त्यांवरून जॉन्सन तेथें बसत असे हें सिद्ध होत नाहीं, तो बसत असे अशी पुढील पिढ्यांची समजूत होती एवढेंच सिद्ध होतें.

लेखी साधनें काय सांगतात तें पाहूं. बॉस्वेलनें १७९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या जॉन्सनच्या चरित्रांत ‘माय्टर’ पानगृहाचा उल्लेख वारंवार येतो. ‘चेशायर चीज’चा एकदांहि येत नाहीं. मात्र या मौनाचें वजनहि तारतम्यानें ठरविलें पाहिजे. जॉन्सन या बोळाजवळच्या गफ स्क्वेअरमध्यें १७४८ ते १७५९ पर्यंत राहिला व १७५५ चा त्याचा कोश तेथेंच पुरा झाला. बॉस्वेलची व त्याची पहिली भेट १७६३ सालची. म्हणजे त्या अकरा वर्षांपुरता बॉस्वेल हा प्रत्यक्ष साक्षीदारच नव्हे. तथापि पुढेंहि जॉन्सन फ्लीट स्ट्रीटलगतच राहत होता. त्या काळापुरतें हें मौन विचारांत घ्यावें लागतें.

उलट बाजूनें, ऑलिव्हर गोल्डस्मिथ हा १७६० पासून याच बोळांत राहत असे, आणि १७६१ सालीं जॉन्सन त्याच्याकडे जेवावयास आल्याची हकीकत टॉमस पर्सीकडून मिळते. घरांतील चुलीसाठीं फाडलें जाणारें जुन्या गीतांचें हस्तलिखित वांचविणारा तो हाच पर्सी. यावरून जॉन्सन पानगृहाच्या दारावरून गेला हें ठरतें. आंत गेला हें ठरत नाहीं. सायरस जे यानें १८६८ च्या आपल्या पुस्तकांत, जॉन्सनला तेथें पाहिलेल्या वृद्धांची साक्ष दिली आहे. पण ती जॉन्सनच्या मृत्यूनंतर ८४ वर्षांनीं छापलेली ऐकीव साक्ष होय. तेव्हां जॉन्सनचें येथें येणें संभाव्य म्हणावें, सिद्ध म्हणूं नये.

याच वास्तूचा दुसरा वाङ्मयीन संबंध मात्र निर्विवाद आहे. १८९० सालीं डब्ल्यू. बी. येट्स व अर्नेस्ट र्‍हिस यांनीं स्थापिलेल्या ‘राय्मर्स क्लब’ या कविमंडळाच्या बैठकी येथें होत. अर्नेस्ट डाउसन, लायोनेल जॉन्सन, आर्थर सायमन्स हे त्याचे सभासद. मंडळाचे दोन काव्यसंग्रह १८९२ व १८९४ सालीं निघाले. पुढें येट्सनें आपल्या आठवणींत या बैठकींचें वर्णन केलें, आणि १९१४ च्या संग्रहांतील एका कवितेंत या पानगृहाचें नांव घेऊन तेथील सोबत्यांस संबोधिलें. येथें साक्षीदार स्वतः हजर होता, आणि मंडळाचे ग्रंथ त्याच काळीं छापलेले आहेत.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस हा विवेक नित्य उपयोगी पडणारा आहे. रुमालावर मागाहून कोणी थोर पुरुषाचें नांव लिहिलें म्हणून आंतील कागद त्याचा ठरत नाहीं. तसाच तो त्याचा नव्हे असेंहि तेवढ्यानें ठरत नाहीं. वेष्टनावरील अक्षर हें त्या अक्षराच्या काळाचा पुरावा होय. म्हणून तें पुसूं नये, टाकूंहि नये. आंतील कागदाची व त्या अक्षराची नोंद निरनिराळी करावी, म्हणजे आख्यायिकाहि टिकेल व इतिहासहि निर्मळ राहील.