सिंगल माल्ट आणि राय व्हिस्की: चवीत मोठा फरक, शरीरासाठी हिशेब एकच

"दारू किती घेता?" या प्रश्नाला हल्ली बऱ्याचदा प्रमाणाऐवजी प्रकाराचे उत्तर मिळते. "साधी घेत नाही डॉक्टर, सिंगल माल्टच घेतो." "मुलगा अमेरिकेहून राय व्हिस्की घेऊन आला आहे, दोन्ही शेजारी ठेवून चाखतो, एवढेच." शेजारी बसलेल्या पत्नीचा किंवा मुलीचा प्रश्न मात्र वेगळा असतो: "भारी व्हिस्की असली की लिव्हरला त्रास कमी होतो का हो?"

या दोन व्हिस्कींमध्ये फरक आहे आणि तो खरा आहे. तो धान्याचा, पिंपाचा आणि वासाचा आहे. यकृत यांतले काहीच ओळखत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ते फक्त अल्कोहोल.

थोडक्यात

- सिंगल माल्ट बार्लीपासून बनते, तर राय व्हिस्की मुख्यतः राय या धान्यापासून. दोन्हींतले अल्कोहोल एकच, म्हणजे इथेनॉल.
- नुकसान किती होणार हे किमतीवर ठरत नाही. किती मिलिलीटर, किती टक्के आणि आठवड्यातून किती वेळा, यावर ते ठरते.
- "फक्त चाखण्याच्या" बैठकीत तीन-साडेतीन लहान पेग सहज पोटात जातात.
- रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद करू नये. आधी डॉक्टरांशी बोलावे.

दोन्हींत नेमका फरक काय?

सिंगल माल्टमध्ये धान्य एकच असते: मोड आणलेली बार्ली, म्हणजे आपले जव. नाचणीचे सत्त्व करताना आपण दाण्यांना मोड आणून वाळवतो, तसेच हे काम असते. मोड आल्यावर दाण्यात जी विकरे तयार होतात, ती स्टार्चची साखर करतात आणि यीस्ट त्या साखरेचे अल्कोहोल करते. 'सिंगल'चा अर्थ एकाच डिस्टिलरीत बनलेली; एकाच पिंपातली असा नाही. स्कॉटलंडच्या २००९ च्या नियमांनुसार ती पॉट स्टिल प्रकारच्या भांड्यात गाळावी लागते, ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरवावी लागते आणि बाटलीत अल्कोहोल किमान ४० टक्के असावे लागते. भारतातही सिंगल माल्ट बनते. बंगळूरची अमृत आणि गोव्याची पॉल जॉन ही त्यातली माहितीची नावे. आपल्याकडच्या उष्णतेत पिंपातील द्रव स्कॉटलंडपेक्षा बराच लवकर उडतो आणि लाकडाचा गुणही लवकर उतरतो.

राय हे गहू आणि बार्लीच्या कुळातील, थंड प्रदेशात पिकणारे धान्य आहे. फोडणीच्या राईशी त्याचे नाते फक्त नावापुरते. अमेरिकेत 'राय व्हिस्की' म्हणून विकायची तर धान्याच्या मिश्रणात किमान ५१ टक्के राय हवी. उरलेला भाग बहुधा मका आणि मोड आणलेल्या बार्लीचा असतो. पिंप ओकचे, नवे आणि आतून जाळलेले लागते. कॅनडातला रिवाज वेगळा आहे. तिथे रायचे प्रमाण थोडे असले तरी व्हिस्कीला 'राय' म्हणतात.

चव कुठून येते, आणि घसा का जळतो?

आपण जिला चव म्हणतो ती बरीचशी वासातून येते. नाक दाबून घोट घेतला तर गोड, कडू आणि जळजळ एवढेच कळते. राय व्हिस्कीत अनेकांना मिरी, लवंग आणि दालचिनीची आठवण येते. नव्या, जाळलेल्या पिंपामुळे त्यात व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा वासही मिसळतो. सिंगल माल्ट बहुधा आधी वापरलेल्या पिंपात मुरते, त्यामुळे तिच्यात मध, सफरचंद, सुका मेवा असे सौम्य वास पुढे येतात. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या बऱ्याच माल्टना मात्र धुराचा, जवळजवळ दवाखान्यासारखा वास असतो. तिथे मोड आलेली बार्ली पीट नावाच्या, जमिनीतून खणून काढलेल्या इंधनाच्या धुरावर वाळवतात आणि त्या धुरातील फिनॉल दाण्यात उतरतात.

जळजळीचे कारण वेगळे आहे. मिरचीतील कॅप्सेसिन तोंडातील ज्या उष्णता-संवेदकाला चेतवते, त्याच संवेदकाला अल्कोहोलही संवेदनशील करते. एरवी तो ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास जागा होतो. अल्कोहोलमुळे तो शरीराच्या नेहमीच्या तापमानालाच जागा होतो आणि मेंदूला "भाजले" असा निरोप जातो. "घसा शेकतो, कफ सुटतो" या समजुतीमागे एवढेच आहे. त्याने संसर्ग बरा होत नाही.

वासाबद्दल आणखी एक गोष्ट. पूर्वी धुराचा किंवा मसाल्याचा वास सहज ओळखणाऱ्या माणसाला तो कळेनासा झाला, तर दोष बाटलीचा नसतो. सर्दी, सायनस, कोविड, वाढते वय अशी कारणे असू शकतात. काहींमध्ये पार्किन्सन्सच्या आधी काही वर्षे वास कमी होतो. हा बदल काही आठवडे टिकला तर दाखवून घ्यावे.

शरीरात गेल्यावर काय होते?

यकृत इथेनॉलचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड करते आणि मग त्याचे निरुपद्रवी ॲसिटेट. मधला पदार्थ विषारी आहे आणि तो पेशींतील डीएनएला इजा करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारक ठरवले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन, या अवयवांच्या कर्करोगाचा धोका मद्याने वाढतो. हे इथेनॉल बार्लीचे, रायचे की उसाच्या मळीचे, याने त्यात फरक पडत नाही.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकामी करते. काळी कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही.

बाटलीवरचा आकडा वाचायला शिका

अल्कोहोलचे ग्रॅम काढणे सोपे आहे. मिलिलीटरला टक्क्यांनी गुणायचे, १०० ने भागायचे आणि आलेल्या उत्तराला ०.७९ ने गुणायचे. एका मोठ्या पेगमध्ये, म्हणजे ६० मिलिलीटरमध्ये:

- ४०% व्हिस्की: सुमारे १९ ग्रॅम
- ४२.८% (भारतातील नेहमीची): सुमारे २० ग्रॅम
- ४६% (बऱ्याच सिंगल माल्ट): सुमारे २२ ग्रॅम
- ५०% (काही राय व्हिस्की): सुमारे २४ ग्रॅम
- ५८% (पाणी न मिसळता पिंपातल्याच तीव्रतेची, 'कास्क स्ट्रेंथ'): सुमारे २७ ग्रॅम

म्हणजे भारी बाटलीतल्या पेगमध्ये बऱ्याचदा नेहमीपेक्षा जास्त अल्कोहोल असते. 'प्रूफ'चा आकडाही फसवा आहे. अमेरिकी बाटलीवर १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के. जुन्या ब्रिटिश पद्धतीत १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७ टक्के. आपल्याकडचे ७५ डिग्री प्रूफ म्हणजे ४२.८ टक्के ते याच पद्धतीने. त्यामुळे प्रूफ सोडा आणि टक्केच पाहा.

किती चालते? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले की पूर्ण सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही. ब्रिटनमधील २०१६ ची शिफारस आठवड्याला जास्तीत जास्त १४ युनिट, म्हणजे ११२ ग्रॅम, अशी आहे. आपल्या भाषेत हे आठवड्याला सुमारे ११ लहान पेग झाले. ही धोका कमी ठेवण्याची मर्यादा आहे, गाठायचे लक्ष्य नव्हे. यकृताचा आजार असलेल्यांना ती लागूही होत नाही.

चाखण्याच्या बैठकीचा हिशेब

समजा सहा नमुने आहेत आणि प्रत्येकी फक्त १५ मिलिलीटर. चार ४६ टक्क्यांचे, दोन ५८ टक्क्यांचे. एकूण सुमारे ३५ ग्रॅम अल्कोहोल झाले, म्हणजे साडेतीन लहान पेग. ते शरीरातून जायला साधारण चार-पाच तास लागतात. आपल्या कायद्यात गाडी चालवताना रक्तातील अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलीटरला ३० मिलिग्रॅम आहे. ७० किलोच्या पुरुषाची पातळी अशा बैठकीनंतर याच्या दुपटीच्या आसपास जाऊ शकते. स्त्रियांमध्ये आणि कमी वजनाच्या माणसांत ती आणखी वर जाते.

व्हिस्कीचे मिश्रण ठरवणारे तज्ज्ञ बहुतेक काम नाकाने करतात. नमुन्यात पाणी घालून तो साधारण २० टक्क्यांवर आणतात, वास घेतात, आणि तोंडात घेतलाच तर थुंकून टाकतात. नाही तर दिवसभरात डझनावारी नमुने तपासणे त्यांना शक्यच झाले नसते. जे प्रौढ आधीपासून घेतात, ज्यांना खाली दिलेल्यांपैकी कोणतेही कारण नाही आणि ज्यांना खरोखर तुलनाच करायची आहे, त्यांनी त्यांच्याकडून हे उचलावे:

- जेवण झाल्यावर बसावे, उपाशीपोटी नव्हे.
- दोनच नमुने घ्यावेत, प्रत्येकी १० मिलिलीटर. माप अंदाजाने नको. खोकल्याच्या औषधाबरोबर मिळते तसे खुणांचे मापटे वापरावे.
- आधी वास घ्यावा, मग थोडे पाणी घालून पुन्हा वास घ्यावा. स्वीडनमधील लिनियस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रारूपातून दाखवले की पाणी घातल्यावर धुराचा वास देणारा ग्वायाकॉल द्रवाच्या पृष्ठभागाशी जास्त येतो.
- सौम्य नमुना आधी, धुराचा किंवा जास्त टक्क्यांचा नंतर. मध्ये साधे पाणी प्यावे.
- तोंडातला घोट थुंकायला वाटी ठेवावी आणि त्यात लाज वाटू देऊ नये.
- गाडीची किल्ली घरी ठेवावी.

पाणी घातल्याने तीव्रता कमी होते, अल्कोहोलचे ग्रॅम तेवढेच राहतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मधुमेहात साखर नसलेली व्हिस्की चालते का?*
व्हिस्कीत साखर जवळजवळ नसते, पण प्रश्न साखरेचा नाही. यकृत अल्कोहोलमागे लागले की रक्तात ग्लुकोज सोडण्याचे त्याचे काम मंदावते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर रात्री किंवा पहाटे धोकादायक रीतीने उतरू शकते, आणि घाम, बडबड, झोकांड्या पाहून घरच्यांना वाटते की "चढली आहे". अशा वेळी साखर तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालयात न्या.

*ग्लूटेन चालत नाही; बार्ली आणि रायची व्हिस्की चालेल का?*
ग्लूटेन हे प्रथिन आहे आणि गाळताना ते वाफेबरोबर वर जात नाही. त्यामुळे साध्या गाळलेल्या व्हिस्कीत ते नसते. नंतर स्वाद मिसळलेल्या पेयांबाबत लेबल पाहावे.

*सिंगल माल्टमध्ये कर्करोग रोखणारे अँटिऑक्सिडंट असतात म्हणे?*
ओकच्या पिंपातून एलॅजिक आम्ल उतरते, हे खरे. डाळिंबातूनही ते मिळते. कर्करोग करणाऱ्या पेयातून ते घेण्यात काही अर्थ नाही.

*महागडी घेतली की दुसऱ्या दिवशी डोके दुखत नाही का?*
पिंपात मुरलेल्या गडद मद्यात इथेनॉलशिवाय इतर पदार्थ बरेच असतात. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बर्बन व्हिस्कीनंतर व्होडकापेक्षा जास्त त्रास जाणवला, पण एकाग्रता आणि कामातील वेग दोन्हींनंतर सारखेच घटले. डोके दुखले नाही म्हणजे इजा झाली नाही, असे नव्हे.

कोणी अजिबात घेऊ नये

- फॅटी लिव्हर, हिपॅटायटिस, सिऱ्होसिस किंवा स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्यांनी
- गर्भवती स्त्रियांनी आणि गर्भधारणेची तयारी करणाऱ्यांनी
- क्षयरोगाची औषधे, मेथोट्रेक्सेट, मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोल, झोपेच्या किंवा फिट्सच्या गोळ्या घेणाऱ्यांनी
- मेटफॉर्मिन, वॉर्फरिन किंवा नियमित पॅरासिटामॉल घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय
- पूर्वी व्यसन सुटलेल्यांनी. त्यांच्यासाठी "एक घोट चाखणे" नसतेच

जो घेत नाही त्याने "हृदयाला चांगली" म्हणून सुरू करू नये.

चाखणे कधी सवय झाले, हे कसे ओळखावे?

बाटली ठरल्यापेक्षा लवकर संपते, चाखायला आता सोबत किंवा निमित्त लागत नाही, प्रमाण विचारले की चिडचिड होते, सकाळी हात थरथरतात. यांतले काही दिसत असेल तर ब्रँडची चर्चा थांबवून भेटीची वेळ घ्या. रोज जास्त पिणाऱ्याने अचानक बंद केले तर काही तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून घरच्यांनी बाटल्या ओतून देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. औषधांच्या मदतीने दारू सुरक्षितपणे सोडता येते.

व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसची १४४१६ या सरकारी मदतवाहिन्या आहेत. रक्ताची उलटी, काळी शौच, डोळे पिवळे होणे, पोट फुगणे, फिट किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर थेट तातडीच्या विभागात जा.

डॉक्टरांकडे जाताना तीन आकडे लिहून न्या: एका वेळी किती मिलिलीटर, बाटलीवर किती टक्के आणि आठवड्यातून किती दिवस. घरच्यांचा आणि रुग्णाचा आकडा वेगळा असेल तर दोन्ही लिहा. औषधाचा डोस आणि पुढच्या तपासण्या आम्ही त्यावरूनच ठरवतो.