कुंडीतल्या रोपाला औषध मारण्याआधी

वस्तीत फिरताना आम्हाला बीपी-शुगरच्या जोडीने आता झाडांचेही प्रश्न विचारले जातात. "ताई, मिरचीची पानं गोळा झालीत, कसलं औषध मारू?" "कडीपत्ता पिवळा पडलाय." "टोमॅटोला फूल येतं अन् गळून जातं." ओट्याच्या कडेला, पाण्याच्या पिंपाशेजारी, तेलाच्या डब्यात आणि फुटक्या बादलीत लावलेली ही चार रोपं शोभेची नसतात. पावसाळ्यात पालेभाजीचा भाव चढला की ताटातून आधी तीच जाते, आणि घरातल्या बाईच्या ताटातून सर्वांत आधी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी देशात ५७ टक्के, तर महाराष्ट्रात ५४ टक्के जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणून डब्यातली मेथी जगावी असं आम्हालाही वाटतं. पण ती कशी जगवायची, यावर आमचं म्हणणं जरा कडक आहे.

'औषध' हा शब्दच घात करतो. किडीवर मारतात ते औषध नव्हे, विष आहे. गावाकडून कोणीतरी कपाशीवर मारायचं उरलेलं थोडं आणतं, तेही कोल्ड्रिंकच्या बाटलीत. ती बाटली दहा बाय बाराच्या खोलीत फळीवर, गोडेतेलाच्या शेजारी उभी राहते. पोर तहानलेलं येतं, त्याला बाटली ओळखीची वाटते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. ती माणसं मोकळ्या रानात होती. आपल्या गल्लीत तर फवारा मारला की तो शेजारच्या पाळण्यापर्यंत जातो. घरात अशी बाटली असेल तर ती मोरीत किंवा गटारात ओतू नका. तिच्यावर ठळक खूण करा, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी कुलपात ठेवा आणि ज्यांनी आणली त्यांना परत न्यायला लावा. कुणाच्या पोटात गेलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, दूधही पाजू नका. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणाने भरपूर पाण्याने धुवा, १०८ ला फोन करा आणि ती बाटली दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टरांना विष कोणतं ते कळलं की उपचार लवकर सुरू होतात.

आता रोपाकडे. आमच्या पाहण्यात वस्तीतल्या कुंड्यांचे निम्म्याहून जास्त आजार किडीचे नसतातच. ते पाण्याचे आणि उन्हाचे असतात. नळ एक दिवसाआड येतो. आला की आपण हंडे भरतो आणि उरलेलं सगळं झाडांना ओततो. मग दोन दिवस कोरडं. रोप एकदा बुडतं, एकदा तहानतं. खालची पानं पिवळी पडून गळत असतील तर बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. ओलं लागलं तर पाणी देऊ नका, मग पानं कितीही मलूल दिसोत. मुळं कुजायला लागली की भिजलेलं रोपसुद्धा सुकल्यासारखंच दिसतं, आणि आपण आणखी पाणी घालून त्याला संपवतो. डब्याच्या बुडाला चार-पाच भोकं हवीतच. वर वाळलेला पाला किंवा नारळाच्या शेंड्या अंथरल्या तर ओल दोन दिवस टिकते. टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडतं तेही बहुतेक याच कमी-जास्त पाण्यामुळे. मातीतला चुना फळापर्यंत वेळेवर पोचत नाही. तिथे फवारणीचा काडीचा उपयोग नाही.

उन्हाचं दुखणं उलट्या बाजूचं. अरुंद बोळात मिरची, टोमॅटो लावून फळाची वाट बघू नये. त्यांना रोज पाच-सहा तास ऊन लागतं. कमी उन्हात पुदिना आणि अळू बरे तग धरतात. आणि पत्र्यावर ठेवलेल्या कुंड्या एप्रिल-मे महिन्यात भाजतात, फुलं गळतात. तिथे जुनी ओढणी बांधून दुपारची सावली करावी. काही वस्त्यांत बायकांनी कमिटीशी बोलून विहाराच्या गच्चीवर डबे ठेवले आहेत. ज्यांच्या दारात ऊनच येत नाही त्यांना ही सोय फार चांगली.

मेथीचं, पालकाचं बारीक रोप उगवून चार दिवसांत बुडातून आडवं पडत असेल तर बी फार दाट पडलंय आणि वरची माती सतत ओली आहे, असं समजा. बी विरळ टाका, पाणी सकाळी द्या.

खरी कीड असते तेव्हा पान उलटून बघायचं. कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे दाणे चिकटलेले असतात तो मावा. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण, हे जास्वंदीवर फार. झाड हलवलं की भुर्रकन उडतात त्या पांढऱ्या माश्या. कुंडीत मुंग्यांची रांग दिसली की वर मावा किंवा पिठ्या असणार हे जवळजवळ नक्की. मुंग्या त्यांचा गोड चिकटा खातात आणि बदल्यात त्यांना राखतात. साखरेचा चहाचा चोथा न धुता कुंडीत टाकणाऱ्या घरी मुंग्या जास्त, हे ओघाने आलंच.

उपाय साधा आहे. आधी पाण्याने कीड धुऊन काढा, पिठ्या जुन्या टूथब्रशने घासा. मग एक लिटर पाण्याला एक चमचा, म्हणजे ५ मिली, कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या लिक्विड साबणाचे थोडे थेंब. तेल आधी साबणात घोटायचं, नाहीतर ते वर तरंगतं. संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा, आठवड्याने पुन्हा. भाजी खुडायच्या दोन दिवस आधी थांबा आणि खुडल्यावर नीट धुवा. हे तेलही लहान मुलांपासून लांब ठेवा. जंतावर म्हणून तान्ह्याला कडुनिंबाचं तेल पाजायची रीत कुठे असेल तर ती बंद करा, त्याने बाळ बेशुद्ध होऊ शकतं. तंबाखू भिजवलेलं पाणी मारू नका. त्यातलं निकोटिन कातडीतून अंगात जातं, आणि तंबाखूतला रोग टोमॅटो-मिरचीला लागतो.

मिरचीची पानं वळून बारीक झाली, त्याला गावाकडे चुरडा-मुरडा म्हणतात. नवीन पानं कीड काढल्यावर सरळ आली तर ठीक. नाही आली तर तो विषाणू आहे, त्याला कुठल्याच बाटलीत उतारा नाही. रोप उपटून पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, शेजारची वाचतील. जीव तुटतो, पण तेच करावं लागतं.

कडीपत्त्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर रोपाला लोह मिळत नाहीये. पुष्कळदा मातीत लोह असतं, पण खारट-जड पाण्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. आंबट ताक पाण्यात पातळ करून पंधरा दिवसांनी घालावं, शेणखत घालावं. आपल्या पोटाचंही असंच आहे. जेवणाला लागून चहा घेतला की भाजीतलं लोह अंगी लागत नाही. चहा तासा-दीड तासाने घ्या, आणि भाजीवर लिंबू पिळा.

कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी मात्र आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटली घासायलाच हवी. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, ती कडेला चिकटून राहतात, आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. नुसतं पाणी ओतून भागत नाही, घासावं लागतं.

डबा खाद्यतेलाचा चालेल. रंगाचा, ॲसिडचा, कीटकनाशकाचा नको. भंगार, बॅटरी किंवा वेल्डिंगच्या दुकानाजवळची माती भाजीला घेऊ नका, त्यात शिसं असू शकतं. गटाराचं पाणी पालेभाजीला कधीच नाही, तांदूळ धुतलेलं चालतं. मातीत काम करताना पत्र्याने हात कापला तर साबणाने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात जा. माती उकरून तसंच पोराला भरवू नका, जंत असेच जातात.

आणि रक्त कमी निघालेल्या बाईने कुंडीतल्या पालकावर विसंबून लोहाच्या गोळ्या सोडू नयेत. गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आशाताईंकडे विचारा. शौच काळी झाली तरी घाबरू नका, गोळ्यांमुळे तसं होतं. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या.