कठीण पेपर, सोपी शिफ्ट

सीईटीचा पेपर सुटला की केंद्राबाहेर पहिला वाद रंगतो तो ‘कोणाची शिफ्ट कठीण’ यावर. हे पेपर काढणाऱ्यांना विचारूनही फारसा उपयोग नसतो. उत्तर ठाऊक असणाऱ्याला प्रश्न सोपाच वाटतो. काठिण्य कळतं ते उत्तरपत्रिकांवरून.

साधा हिशोब असा: हजारातल्या ६२० जणांचं उत्तर बरोबर आलं, तर काठिण्य मूल्य ०.६२. प्रश्न जितका सोपा तितका आकडा मोठा. उलटाच मामला आहे खरा! चार पर्यायांच्या प्रश्नात सगळ्यांनी अंदाजपंचे टिचकी मारली तरी ०.२५ च्या आसपास मूल्य येतंच.

त्याहून बोलका आकडा भेदनक्षमतेचा. एकूण गुणांनुसार वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के विद्यार्थी वेगळे काढायचे. (हे २७ कुठून आले, ते ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये गणिताने दाखवलं.) वरच्या गटात ८० टक्क्यांना आणि खालच्या गटात ३० टक्क्यांना प्रश्न सुटला, तर भेदनक्षमता ०.५०. असा प्रश्न जपून ठेवावा. हा आकडा उणे आला, म्हणजे हुशार मुलं चुकली आणि कच्च्यांना जमलं, तर आधी उत्तरसूची तपासावी.

पण ०.६२ हा गुण प्रश्नाचा, की त्या हजार जणांचा? निवडक बॅचला तोच प्रश्न दिला तर ०.९० येईल. डेन्मार्कचे गणितज्ञ गेऑर्ग राश यांनी १९६० च्या पुस्तकात ही गाठ सोडवली. विद्यार्थ्याची कुवत आणि प्रश्नाचं काठिण्य त्यांनी एकाच पट्टीवर मांडलं. दोन्ही सारखी असतील तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता निम्मी. मग दोन पेपरांत काही प्रश्न सामायिक ठेवले की त्यांच्या आधारे पेपरांची तुलना करता येते.

जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी या वाटेने जात नाहीत. सगळ्या शिफ्टमधली मुलं सरासरीने सारखीच, असं धरून प्रत्येकाला त्याच्याच शिफ्टमधलं पर्सेंटाइल दिलं जातं. काठिण्य मोजायची गरजच उरत नाही. शिफ्ट मोठी असेल तर हे चालून जातं; लहान असेल तर मला ते गृहीतक लंगडं वाटतं. सामायिक प्रश्नांची अडचण वेगळी: ते गुप्त राहायला हवेत, आणि आपल्याकडे प्रश्न व उत्तरसूची हरकतींसाठी मुलांना दाखवावी लागते. अमेरिकेतल्या डिजिटल एसएटीत ९८ पैकी ८ प्रश्नांना गुणच नसतात. पुढच्या पेपरांसाठी ते फक्त आजमावले जातात, आणि ते आठ कोणते हे मुलांना सांगत नाहीत.