आधी उपचार, मग केसपेपर



शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरचा अत्यवस्थ रुग्ण अनेकदा कल्याण, उल्हासनगर किंवा ठाण्याला पाठवला जातो. तिथे त्याला आधी डॉक्टर भेटत नाहीत. भेटतो दारावरचा रखवालदार आणि मग खिडकीतला कारकून. “आधार कार्ड कुठे?”, “डिपॉझिट भरा”, “पोलीस केस आहे, सरकारी दवाखान्यात न्या” अशा एका वाक्यानेही कातकरी किंवा ठाकूर कुटुंब माघारी फिरते. म्हणून तातडीच्या उपचारांच्या नियमांचे प्रशिक्षण डॉक्टर-नर्सइतकेच या दोघांनाही हवे.

नियम काय सांगतात?

एका अपघातग्रस्त स्कूटरस्वाराला, इथे पोलीस केस घेत नाहीत म्हणून, २० किलोमीटर दूरच्या रुग्णालयात पाठवले. तो वाटेतच गेला. त्यावरून उभ्या राहिलेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९८९ रोजी स्पष्ट केले: डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे सोपस्कार नंतर.

धर्मादाय रुग्णालयांवर आणखी जबाबदारी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार त्यांनी तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करून, प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यायचे असतात. डिपॉझिट मागता येत नाही. पुढे सरकारी रुग्णालयात हलवावे लागल्यास वाहनाची सोयही त्यांनीच करायची.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने रस्ते अपघातातील जखमीला मदत करणाऱ्यालाही संरक्षण दिले. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

प्रशिक्षणात काय शिकवावे?

सर्पदंशाचे उदाहरण घ्या. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. वेदना फारशी नसते, सूज नसते, खूणही सापडत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. अशा रुग्णाला “पोटदुखी” म्हणून ओपीडीच्या रांगेत बसवले, तर तिथेच श्वास थांबू शकतो. पापण्या मिटत असतील तर रांग नाही, थेट कॅज्युअल्टी, एवढे रखवालदाराला कळले तरी जीव वाचतो.

नर्सला यापुढचे यायला हवे. घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय असेल तर काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त २० मिनिटे न हलवता ठेवायचे. ते गोठले नाही तर विष भिनले आहे असे समजायचे. रुग्ण पुढे पाठवताना आधी फोन करायचा आणि दिलेल्या औषधांची वेळेसह चिठ्ठी सोबत द्यायची.

कंत्राटी माणसे वरचेवर बदलतात. म्हणून ही शिकवणी एकदाच घेऊन भागत नाही; रात्रपाळीलाही ती मिळाली पाहिजे.

आपण काय करू शकतो?

मंडळीत अनेक जण रुग्णालयांत सेवा करतात. आपल्या ठिकाणी असे प्रशिक्षण शेवटचे कधी झाले आणि त्याला रखवालदार होते का, हे विचारावे. रुग्णासोबत गेल्यास “तातडीचा रुग्ण आहे” असे ठामपणे सांगावे आणि पोहोचल्याची वेळ लिहून ठेवावी. धर्मादाय रुग्णालयाने नकार दिल्यास तो लेखी मागावा व धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करावी.

लूक १० मधल्या चांगल्या शोमरोन्याने जखमीवर वाटेतच तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या. उतारशाळेच्या रखवालदाराला उरलेला खर्च परतल्यावर देण्याचे वचन दिले. त्या रखवालदारानेही दार बंद केले नाही. आपल्या रुग्णालयांच्या दारांवर अशीच माणसे तयार व्हायला हवीत.