चारचौघांत बाळोते बदलताना

तान्हे मूल घरी असो, बाजारात असो, की एसटीत असो, त्याला शी-शू व्हायचीच. त्याला वेळ कळत नाही, जागा कळत नाही. यात बाळाचा दोष नाही आणि त्याच्या आईचाही नाही. पण बाळाला कुठे साफ करावे, कसे करावे, घाण कुठे टाकावी, हे आपल्याला कळायला हवे. त्याची एक रीत आहे. ती आज पाहू.

काही बाया लाजतात. चारचौघांत बाळोते कसे बदलावे, लोक काय म्हणतील, असे त्यांना वाटते. मग गाव येईपर्यंत बाळ तसेच ओल्यात राहते. हे बरे नव्हे. शी-शू अंगाला लागून राहिली की बाळाची नाजूक कातडी लाल होते, सोलवटते. आग होते म्हणून बाळ रडते. आईला वाटते, भूक लागली असेल. म्हणून सांगतो, लाजू नका. शी झाली की लवकर बदला.

काही माणसे मात्र अगदी उलट वागतात. लोकांच्या बसायच्या बाकावरच बाळाला पुसतात. पाणी प्यायच्या नळाखाली बाळोते धुतात. नाहीतर घाणीचे बोचके खिडकीतून बाहेर भिरकावतात. कोणी बोलले तर म्हणतात, "तान्ह्याची शी ती! दूधच तर पितंय. त्यात कसली आली घाण?"

ही समजूत चुकीची आहे. तान्ह्याच्या शीतही रोगाचे जंतू असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. शी हाताला लागते. हातावरून जंतू भाकरीवर जातात, पाण्यात जातात आणि तिथून दुसऱ्याच्या पोटात जातात. हगवण अशीच पसरते. पोलिओचे जंतूही शीतून पसरतात. पोलिओचे डोस गावोगाव दिले गेले, म्हणून तो रोग आपल्याकडून हटला. 2014 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर केले. पण सगळ्या प्रकारची हगवण थांबवील असा एक डोस नाही. तिथे साबण, पाणी आणि आपली शिस्तच उपयोगी पडते.

आता तयारी कशी करावी ते पाहा. घरून निघताना एक पिशवी भरून घ्या. तीत चार कोरडी बाळोती ठेवा. खाली अंथरायला मेणकापडाचा तुकडा घ्या. पुसायला मऊ जुने फडके, पाण्याची बाटली आणि साबणाची वडी घ्या. घाण भरायला दोन रिकाम्या पिशव्या घ्या. ही पिशवी जवळ असली की धांदल होत नाही.

जागा कोणती निवडावी? लोक जेवतात तिथे कधीही नको. हॉटेलातल्या टेबलावर तर मुळीच नको. एसटीच्या पुष्कळ स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. बाळासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तिचेच नाव या खोल्यांना दिले आहे. आईला बाळाला निवांत पाजता यावे म्हणून त्या केल्या आहेत. स्थानकावर उतरलात की चौकशी करा. खोली नसेल तर गर्दीपासून जरा बाजूची जागा पाहा.

गाडी चालू असेल तर शक्यतो पुढच्या थांब्यापर्यंत थांबा. धक्क्याने बाळ पडू शकते. थांबणे जमत नसेल तर शेजारच्या बाईला सांगा, "ताई, बाळाचं बदलायचंय. जरा सरकता का?" गोड शब्दाने विचारले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

आधी मेणकापड अंथरा. त्यावर बाळाला निजवा. एक हात बाळावर राहू द्या. मूल केव्हा पालथे होईल याचा नेम नाही. पुसताना पुढून मागे पुसा. मुलीच्या बाबतीत हे विशेष सांभाळा, नाहीतर शी लघवीच्या जागेला लागते. अंग कोरडे करून मग नवे बाळोते बांधा. शेवटी आपले हात साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने भागत नाही. हात धुतल्याशिवाय बाळाला पाजू नका, स्वतः खाऊ नका.

घाणीचे काय करावे? बाळोत्यातली शी संडासात टाका. बाळोते पिशवीत बांधून घरी न्या. साबणाने धुवून कडक उन्हात वाळवा. नदीच्या पाणवठ्यावर किंवा विहिरीजवळ धुऊ नका.

आता बाजारात डायपर मिळतात. त्यांत प्लॅस्टिक असते आणि पाणी शोषून फुगणारा पदार्थ असतो. डायपर संडासात टाकला तर नळी तुंबते. आगगाडीच्या संडासातही टाकू नये. उकिरड्यावर टाकला तर कुत्री ओढतात. जाळला तर विषारी धूर होतो. म्हणून तो गुंडाळून कागदात घट्ट बांधावा आणि कचरापेटीत टाकावा. 2016 सालच्या सरकारी कचरा नियमांतही डायपर गुंडाळूनच द्यावा असे सांगितले होते. पेटी दिसली नाही तर पुडके जवळ ठेवा. पुढे कुठेतरी पेटी लागेलच.

आता इतरांसाठी दोन शब्द. शेजारी बाळोते बदलत असेल तर नाक मुरडू नये, टक लावून पाहू नये. मोबाईलवर चित्र तर मुळीच घेऊ नये. पाठ फिरवावी, जागा द्यावी, पिशवी धरावी. आपणही एके काळी असेच कोणाच्या तरी मांडीवर होतो.

आणि बापाने नुसते उभे राहू नये. मूल दोघांचे आहे. बाळोते बदलल्याने पुरुषाचा मान कमी होत नाही. आई दमली असेल तर बापाने पुढे व्हावे. ते पाहून चार माणसे हसतील, पण पाचवा शिकेल.

बाळ कोरडे राहावे, आईला लाज वाटू नये आणि मागून येणाऱ्याला जागा स्वच्छ मिळावी. एवढे साधले की रीत पाळली असे समजावे.