9,689 खोल्या, 60 एकर, 40 मजले

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या 556 कुटुंबांना 14 ऑगस्ट 2025 रोजी नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. वरळीत पुनर्वसन व्हायचे आहे 9,689 गाळ्यांचे, म्हणजे त्या दिवशी 5.7 टक्के काम हातात पडले. जांबोरी मैदानावर या पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले होते 22 एप्रिल 2017 रोजी. दोन तारखांमध्ये 3,036 दिवस गेले.

घराचा आकडा सर्वांना पाठ आहे: जुनी खोली 160 चौरस फुटांची, नवे घर 500 चौरस फुटांचे. पाच माणसांचे कुटुंब धरले तर माणशी 32 चौरस फुटांचे 100 होतात. शिवाय संडास घरात येतो. मजल्यावरच्या सामाईक संडासापुढे सकाळी रांग लावलेल्या माणसाला या बदलाचे मोल समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे प्रकल्प हवा की नको, हा वाद उरलेला नाही. नियोजनाचे प्रश्न सुरू होतात ते 500 चौरस फुटांच्या भिंतीबाहेर.

जुन्या मांडणीचा हिशेब सरळ आहे. एका मजल्यावर 20 खोल्या, तळमजल्यासह चार मजले, म्हणून एका चाळीत 80 खोल्या. वरळीत अशा 121 चाळी होत्या. सगळ्या खोल्यांचे क्षेत्र मिळून साधारण 15.5 लाख चौरस फूट. नव्या घरांचे होईल 48.4 लाख. वरळीची जमीन मात्र तीच, सुमारे 60 एकर, म्हणजे 26 लाख चौरस फूट. पूर्वी जमिनीच्या प्रत्येक चौरस फुटामागे 0.6 चौरस फूट राहती जागा होती, आता 1.85 होईल. यात भिंती, जिने, लिफ्ट आणि पार्किंग धरलेले नाही. विक्रीच्या इमारतीही धरलेल्या नाहीत, आणि त्या याच 60 एकरांत उभ्या राहायच्या आहेत. मोफत घरांचा खर्च त्यांच्या विक्रीतून निघणार, म्हणून त्या योजनेतून वगळता येत नाहीत. परिणामी 9,689 कुटुंबांच्या वाट्याला 60 एकरही येत नाहीत.

उंचीचा आकडा अधिक बोलका आहे. पहिल्या 556 घरांच्या दोन विंग 40 मजली आहेत, म्हणजे एका विंगमध्ये 278 घरे आणि एका मजल्यावर साधारण सात. चाळीत एका मजल्यावर 20 शेजारी होते. घनता वाढली, शेजार मात्र एक तृतीयांश झाला. मुंबईच्या अक्षांशावर 21 डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे 47.5 अंशांवर असतो. मजल्याला तीन मीटर धरले, तर चार मजली चाळीची त्या वेळची सावली 11 मीटर पडते आणि 40 मजली इमारतीची 110 मीटर. दोन इमारतींत किती अंतर सोडले, यावर खालच्या मजल्यांचा उजेड ठरतो. नवी मुंबईच्या आखणीत सहभागी असलेले शिरीष पटेल बीडीडी योजनेतल्या घनतेविरुद्ध उच्च न्यायालयात गेले होते, ते याच काळजीतून. ना. म. जोशी मार्ग आणि नायगाव इथे पुनर्वसन इमारती 22-23 मजल्यांच्या आहेत. तिथे हीच सावली 60 ते 63 मीटरची.

घनता वाढली की पाणी पुरणार नाही, ही भीती आकड्यांनी थोडी बदलते. माणशी दिवसाला 135 लिटर या प्रमाणाने 9,689 कुटुंबांना रोज सुमारे 65 लाख लिटर लागेल. शहराच्या रोजच्या पुरवठ्याच्या हे 0.2 टक्क्यांहूनही कमी, आणि ही माणसे आजही मुंबईचेच पाणी पितात. नवी मागणी येईल ती विक्रीच्या घरांतून. पुनर्वसनातल्या कुटुंबांसाठी प्रश्न पाणी 40 मजले चढवण्याचा आहे, म्हणजे पंपाचा, विजेचा आणि पर्यायाने मासिक बिलाचा.

देखभाल 12 वर्षे म्हाडाकडे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे, असेल. पुढचा हिशेब आजच मांडायला हवा. चौरस फुटाला महिना 10 रुपये एवढाच दर गृहीत धरला, तरी घरटी 5,000 रुपये होतात, वर्षाचे 60,000. चाळीचे नाममात्र भाडे भरत आलेल्या निवृत्त माणसाला ही रक्कम पेलणार का, याचे उत्तर 12 वर्षांनी शोधायला घेतले तर उशीर झालेला असेल. तोवर अनेकांनी घर विकलेले असेल. माझ्या मते या योजनेतला सर्वांत मोठा धोका हाच आहे.

काही आकडे या चौकटीत बसत नाहीत. चाळींत राहणाऱ्या 2,250 पोलीस कुटुंबांना घर मोफत नाही. त्यांच्यासाठी किंमत आधी 50 लाख, मग 25 लाख आणि 2022 मध्ये 15 लाख रुपये ठरली. जुना इतिहासही असाच. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) 1920 मध्ये ठरवल्या होत्या 625 चाळी आणि 50,000 खोल्या. बांधून झाल्या 207 चाळी, साधारण 16,500 खोल्या, म्हणजे 33 टक्के. त्यांतही कितीतरी खोल्या सुरुवातीची काही वर्षे रिकाम्या पडून होत्या, कारण गिरणी कामगाराला भाडे झेपत नव्हते.

त्या 207 पैकी वरळी, नायगाव (42) आणि ना. म. जोशी मार्ग (32) मिळून 195 चाळी आजच्या योजनेत आहेत, 15,593 गाळे. उरलेल्या 12 चाळी शिवडीच्या. त्यांची जमीन मुंबई बंदराची, केंद्राच्या अखत्यारीतली, म्हणून म्हाडाच्या या बांधकामात त्या नाहीत. चाळीला 80 या हिशेबाने तिथे 960 खोल्या होतात, प्रत्येकी 160 चौरस फुटांच्या.