डेनलॉमधील ‘लाहस्लिट’ आणि इंग्लिश ‘वीटे’ : दंडाच्या दोन पद्धती

प्रस्तावना

पूर्वमध्ययुगीन इंग्लंडमध्ये बहुतेक अपराधांचे परिमार्जन द्रव्यरूपाने होत असे. खून झालेल्या व्यक्तीच्या नातलगांना मिळणारे ‘वेरगिल्ड’ ही भरपाई होती. कायदा मोडल्याबद्दल राजास किंवा अन्य अधिकाऱ्यास द्यावा लागणारा ‘वीटे’ हा दंड होता. नवव्या शतकात डेन लोक इंग्लंडच्या पूर्व व उत्तर भागांत स्थायिक झाले. तेथील दंडास ‘लाहस्लिट’, म्हणजे कायदाभंग, असे नॉर्स मूळाचे नाव मिळाले.

दोन पद्धती

कॅन्यूट राजाच्या (1016–1035) कायद्यांत उपवास मोडणाऱ्यास डेनांमध्ये लाहस्लिट व इंग्लिशांमध्ये वीटे सांगितला आहे. मात्र हा केवळ नावाचा भेद नव्हता. वीटेची रक्कम प्रामुख्याने अपराधावरून ठरे. लाहस्लिट अपराध्याच्या दर्जावरून ठरे. अकराव्या शतकातील नॉर्थम्ब्रियाच्या धर्मगुरूंच्या नियमावलीनुसार राजाच्या सरदारास 10 अर्धमार्क, जमीनमालकास 6 अर्धमार्क आणि सामान्य कृषकास 12 ओरा दंड होता. एक मार्क म्हणजे 8 ओरा. म्हणून हे प्रमाण 40 : 24 : 12 असे पडते. प्रतिष्ठेबरोबर उत्तरदायित्वही वाढावे, हे तत्त्व यात दिसते.

दोन्ही रकमा परस्परांना जवळ आणण्याचा प्रयत्नही आढळतो. सणाचा दिवस चुकीचा सांगणाऱ्या धर्मगुरूस इंग्लिशांत 30 शिलिंग, तर डेनांत 3 अर्धमार्क दंड होता. शिलिंगाचे 5 व ओऱ्याचे 16 पेन्स धरल्यास या रकमा अनुक्रमे 150 व 192 पेन्स होतात.

साधनांची मर्यादा

हा शेवटचा नियम ‘एडवर्ड व गुथ्रम यांचे कायदे’ या संहितेत येतो. ती दहाव्या शतकाच्या आरंभीची असल्याचा दावा तिच्यातच आहे. परंतु ती यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन (मृत्यू 1023) याची रचना असल्याचे डोरोथी व्हाइटलॉक यांनी 1941 मध्ये दाखवून दिले. म्हणजेच ज्यास आपण डेन लोकांची पुरातन रूढी समजतो, तिचे उपलब्ध रूप बऱ्याच अंशी एका इंग्लिश धर्माधिकाऱ्याने घडविलेले आहे.

समारोप

तरीही एकाच राजाने आपल्या राज्यात दोन दंडपद्धतींना मान्यता दिली, ही बाब महत्त्वाची आहे. राजकीय ऐक्यासाठी कायद्याची एकरूपता अनिवार्य नसते, हे यावरून स्पष्ट होते.